बाहुल्या लहानमोठ्या दिसल्या तर

एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी किंवा लहान दिसू लागली, तर पहिली विनंती अशी की मेडिकलमधून कुठलाही ड्रॉप आणू नका आणि घरात आधीची उघडलेली बाटली असेल तर तीही वापरू नका. डोळा लाल नाही, चिपडं नाहीत, खुपत नाही, मग ड्रॉपनं बरं तरी काय करायचं? पण डोळ्याचं काहीही झालं की आपला हात फ्रिजच्या दारातल्या त्या छोट्या बाटलीकडे जातोच. या तक्रारीत ती सवय नडते, कारण इथे थेंब हे औषध नसून तपासणीचं साधन आहे. कुठला थेंब, किती पातळ, कोणत्या बाहुलीवर किती वेळात काय करतो, यावरून कोणती नस दुखावली आहे याचा डॉक्टरांना अंदाज येतो. तुम्ही आधीच काहीतरी घालून आलात, तर त्या दिवसाची तपासणी बाद.

दुसरी विनंती जास्त घाईची. बाहुली मोठी झाली, त्याच बाजूची पापणी खाली आली, एका माणसाच्या जागी दोन दिसू लागले आणि डोकं पूर्वी कधी दुखलं नव्हतं असं दुखतंय, हे सगळं किंवा यातलं बरंचसं एकदम आलं असेल, तर हा लेख ठेवून द्या आणि १०८ला फोन लावा. गल्लीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात नको. मेंदूचं सीटी स्कॅन आणि रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफी जिथे रात्रीही होते, अशा मोठ्या रुग्णालयात जा. मेंदूच्या तळाशी एखाद्या धमनीला फुगवटा येतो आणि शेजारून डोळ्याकडे जाणारी नस त्याखाली दाबली जाते. तो फुटण्याआधी मोठी झालेली बाहुली आणि पडलेली पापणी हीच कधीकधी सूचना असते. त्या वेळी थेंब घालून पाऊण तास वाट बघत बसायचं नसतं. मधुमेहानंही हीच नस लुळी पडते, मात्र तेव्हा बाहुली बहुधा शाबूत राहते. म्हणून पापणी पडली आणि बाहुलीही मोठी झाली असेल, तर ‘शुगरमुळे झालं असेल’ असं घरच्या घरी ठरवू नका.

मान किंवा जबड्याखाली एका बाजूला दुखू लागलं आणि त्याच बाजूची बाहुली लहान झाली, तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मानेतल्या मोठ्या धमनीचं आतलं अस्तर फाटलं तर असं होतं. सलूनमध्ये दाढीनंतर झटका देऊन मान ‘मोडून’ घ्यायची हौस ज्यांना आहे, त्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं. डोळा लालभडक होऊन दुखतोय, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसतायत, उलट्या होतायत आणि बाहुली अर्धवट मोठी होऊन थांबली आहे, तर तो काचबिंदूचा तीव्र झटका असू शकतो. त्यातही थांबायचं नसतं.

एवढं सांगितल्यावर दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर आरशासमोर घाबरणारेच वाढतील. माणूस चालतोय, बोलतोय, पापणी जागेवर आहे, डोळा सगळ्या बाजूंना वळतोय, दोन दोन दिसत नाही, डोकं-मान दुखत नाही आणि फक्त एक बाहुली मोठी आहे, अशा वेळी धमनीचा फुगवटा निघणं फार दुर्मीळ. निरोगी माणसांतही साधारण पाचात एकाच्या बाहुल्यांमध्ये थोडा फरक असतोच. तो बहुधा एक मिलिमीटरच्या आत राहतो आणि उजेडात व अंधारात सारखाच दिसतो. आपल्याकडे बहुतेकांचं बुबुळ गडद तपकिरी, त्यामुळे तो फरक जन्मभर कोणाच्या ध्यानातही येत नाही. एखाद्या दिवशी सेल्फी मोठा करून पाहिला जातो आणि मग घरभर धावपळ.

आता नसांकडे येऊ. ‘डोळ्याची नस सुकली’ असं आपण म्हणतो, ती नस दृष्टीची. डोळ्यात आलेला उजेड मेंदूपर्यंत नेणं हे तिचं काम. ती खराब झाली तर नजर जाते, रंग फिके दिसतात, पण त्यामुळे बाहुल्या लहानमोठ्या होत नाहीत. एका डोळ्यानं नेलेली उजेडाची खबर मेंदू दोन्ही बाजूंच्या बाहुल्यांना सारखीच पोचवतो. म्हणून त्या नसेची तपासणी अंधाऱ्या खोलीत बॅटरी या डोळ्यावरून त्या डोळ्यावर नेऊन करतात. त्यासाठी हे थेंब लागत नाहीत. काचबिंदूच्या किंवा नस सुकलेल्या रुग्णांनी पुढचं वाचून आपल्या डोळ्याला ते लावू नये.

बाहुली हलवणाऱ्या नसा वेगळ्या. बाहुली म्हणजे बुबुळाच्या मधलं भोक. त्याच्या कडेनं गोल फिरणारा एक स्नायू असतो, तो आवळला की बाहुली लहान होते. बुबुळात बाहेरच्या कडेपर्यंत पसरलेला दुसरा स्नायू आखडला की ती मोठी होते. गोल स्नायूला हुकूम येतो तो मेंदूच्या मध्यभागातून, तिसऱ्या क्रमांकाच्या नसेवाटे. डोळ्यामागच्या खोबणीत एक बारीकशी गाठ आहे, तिथे हा हुकूम एका तंतूकडून दुसऱ्या तंतूकडे जातो. पसरणाऱ्या स्नायूची वाट मात्र चमत्कारिक लांब आहे. मेंदूतून निघून ती मणक्याच्या कण्यात छातीच्या वरच्या भागापर्यंत खाली उतरते, बाहेर पडून फुफ्फुसाच्या टोकावरून वळते, मग मानेतल्या धमनीच्या सोबतीनं पुन्हा वर चढून डोळ्याशी पोचते. म्हणूनच लहान बाहुलीचं मूळ कधी फुफ्फुसाच्या टोकाच्या गाठीत सापडतं, कधी थायरॉइडच्या ऑपरेशननंतरच्या इजेत. बिडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसाचा एक खांदा आणि हात महिनोन्‌महिने दुखतोय आणि त्याच बाजूची पापणी थोडी उतरली आहे, तर नुसत्या खांद्याचा एक्स-रे पुरणार नाही. छातीचाही काढायला सांगा, आणि पापणीचं डॉक्टरांच्या कानावर घाला.

नस तुटली किंवा सुकली की तिच्या टोकाकडून स्नायूला मिळणारं रसायन बंद होतं. स्नायू मात्र जिवंत असतो. ज्या दुष्काळी गावात टँकर आठवड्यातून एकदाच येतो, तिथे दारात हंडा, कळशी, बादली, टीप, असेल ते भांडं मांडलेलं असतं. नसेविना राहिलेला स्नायू तसंच करतो. रसायन पकडणाऱ्या जागा तो आपल्या पृष्ठभागावर वाढवतो. मग निरोगी स्नायूला ज्याची जाणीवही होणार नाही, एवढ्या अल्प औषधानं तो जोरात आखडतो. हार्वर्डचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९३९ साली हा नियम सबंध शरीराला लागू करून मांडला. डोळ्याच्या डॉक्टरांना तो रोज उपयोगी पडतो, कारण शरीराचा असा स्नायू काही न कापता, न टोचता नुसता बघता येतो तो इथेच.

हे भांडी मांडणं एका रात्रीत होत नाही, हेही ध्यानात ठेवा. त्याला काही दिवस लागतात, कधी आठवडे. दुखापत होऊन दोन दिवस झाले असताना केलेली थेंबांची परीक्षा ‘काही नाही’ म्हणाली, तर ते उत्तर कच्चं असतं. डॉक्टर पुन्हा बोलावतील. त्यांना काही समजलं नाही म्हणून फेऱ्या मारायला लावतात, असा अर्थ काढू नका.

मोठ्या बाहुलीसाठी वापरतात ते पायलोकार्पिन. ब्राझीलमधल्या जाबोरांडी नावाच्या झुडपाच्या पानांतून १८७५ साली ते वेगळं काढलं गेलं आणि पुढे काचबिंदूचं औषध म्हणून कित्येक दशकं चाललं. काचबिंदूसाठी ते एक, दोन, चार टक्क्यांचं असतं. त्यानं कुणाचीही बाहुली बारीक होते. नसेच्या परीक्षेसाठी मात्र ते इतकं पातळ करतात की निरोगी बाहुली जवळपास जागची हलू नये. हे प्रमाण ०.१ किंवा ०.१२५ टक्के. एक टक्क्याचं औषध आठपट पातळ केलं की ०.१२५ होतं. इतकं पातळ औषध तयार मिळेलच असं नाही, म्हणून बऱ्याच ठिकाणी डॉक्टर सिरिंजनं मोजून तिथल्या तिथे बनवतात. थेंब दोन्ही डोळ्यांत घालतात. ‘चांगल्या डोळ्यात कशाला?’ म्हणून हात धरू नका, कारण तुलनेसाठी तोच लागतो. साधारण अर्ध्या ते एक तासानं पुन्हा मोजतात. मोठी बाहुली आवळली आणि चांगली तशीच राहिली, तर गोल स्नायूकडे येणारी नस दुखावलेली असल्याचं कळतं. तीस-चाळीस मिनिटांपूर्वी जी बाहुली मोठी होती ती आता दोहोंत लहान दिसते, आणि आरसा बघून रुग्ण चक्रावतो. परिणाम ओसरला की ती पुन्हा मोठी होणार. हा उपचार नव्हता.

या परीक्षेची मर्यादाही डॉक्टर सांगतील, आणि सांगायला हवी. डोळ्यामागची गाठ बिघडली असो की तिसरी नस मेंदूजवळ दाबली गेली असो, पातळ थेंबाला दोन्ही प्रकारच्या बाहुल्या प्रतिसाद देऊ शकतात. म्हणून थेंबाचा निकाल एकटा वाचायचा नसतो. पापणी, डोळ्याची हालचाल, गुडघ्याला आणि घोट्याला हातोडी मारून पाहिलेले झटके, सगळं मिळून निदान होतं. ‘डोळ्याला आलो आणि डॉक्टर पायाला हातोडी मारतात’ ही तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. हातोडीला इथे कारण आहे.

दशांश चिन्हाबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. सप्टेंबर २०२४ मध्ये चाळिशीच्या चष्म्याला पर्याय म्हणून पायलोकार्पिनचाच एक ड्रॉप येणार असल्याच्या बातम्या आपल्याकडे गाजल्या. त्याच महिन्यात औषध नियंत्रकांनी त्याच्या जाहिरातीतल्या दाव्यांवर बोट ठेवून परवानगी स्थगित केली. त्यातलं प्रमाण होतं १.२५ टक्के. परीक्षेचं प्रमाण ०.१२५. कागदावर एक टिंब सरकलं की औषध दहापट होतं. आणि ज्या स्नायूनं टँकरसाठी सगळी भांडी मांडून ठेवली आहेत, त्याच्यावर दहापट औषध ओतल्यावर कपाळ ठणकतं, नजर अंधूक होते, परीक्षा तर फुकट जातेच. ज्यांच्या पडद्याला आधीच छिद्र किंवा झीज आहे, त्यांना पायलोकार्पिननं पडदा सुटण्याचा धोकाही थोडा असतो. नेटवर वाचून मेडिकलवाल्याकडे ‘पायलोकार्पिन द्या’ असं मागणारा माणूस मला धोत्र्याच्या झाडाइतकाच धोकादायक वाटतो.

धोत्रा सहज आलेला नाही. एका डोळ्याची बाहुली अचानक खूप मोठी होण्याचं एक अगदी घरगुती कारण तोच आहे. महाशिवरात्रीला धोत्र्याचं फूल, फळ महादेवाला वाहतात. ते तोडताना चीक किंवा बिया बोटाला लागतात आणि घाम पुसताना ते बोट डोळ्याला लागतं. शेताच्या बांधावरचं तण काढतानाही हेच होतं. बंगल्यांच्या बागेत लांब कर्ण्यासारखी पांढरी-पिवळी फुलं खाली लोंबणारं शोभेचं झाड असतं, तेही त्याच कुळातलं. त्यातली द्रव्यं आणि डोळ्यात घालायचं अ‍ॅट्रोपिन ही जवळची नातेवाईक. गोल स्नायूवर रसायन पकडायच्या ज्या जागा आहेत, त्याच ती अडवून बसतात. बाहुली मोठी होते, जवळचं धूसर दिसतं, ऊन सहन होत नाही आणि हे काही दिवस टिकतं, कधी आठवडाभरही. नस मात्र पूर्ण शाबूत असते.

अशाच लबाड वाटा आणखी आहेत. दम्यासाठी नेब्युलायझर लावला आणि मास्क नाकाच्या कडेला सैल बसला, तर इप्राट्रोपियमची वाफ एकाच डोळ्यावर जाते. नातवाच्या डोळ्याचा नंबर वाढू नये म्हणून डॉक्टरांनी दिलेलं अ‍ॅट्रोपिन घालताना आजीच्या बोटाला थेंब लागतो आणि तिनं नंतर डोळा चोळलेला असतो. प्रवासात मळमळू नये म्हणून कानामागे लावायची पट्टीही हाच प्रकार घडवते. इथे उपयोगी पडतं ते पातळ नव्हे, एक टक्क्याचं पायलोकार्पिन. नस दुखावल्यानं मोठी झालेली बाहुली त्यानं आवळते. धोत्र्यानं किंवा अ‍ॅट्रोपिननं मोठी झालेली बाहुली मात्र हटत नाही, कारण औषध बसायच्या जागा आधीच अडलेल्या असतात. चेंडू किंवा फटाका लागून गोल स्नायूच फाटला असेल तरीही ती हलणार नाही, तेव्हा जुना मार आठवून सांगा. या एका थेंबानं कित्येकांचा एमआरआयचा खर्च वाचतो. पण त्यासाठी आधी ‘आज सकाळी पूजेला धोत्रा तोडला होता’ हे कुणीतरी सांगावं लागतं, आणि लोक नेमकं तेच सांगत नाहीत. पूजेचा आणि डोळ्याचा काय संबंध, असं त्यांना वाटतं. डॉक्टरांना संबंध लावू द्या.

लहान बाहुलीची परीक्षा उलट दिशेनं होते. १८६९ साली झुरिकचे नेत्रवैद्य योहान फ्रीडरिश हॉर्नर यांनी चाळीस वर्षांच्या एका शेतकरी बाईचं वर्णन प्रसिद्ध केलं. एका बाजूची पापणी किंचित उतरलेली, बाहुली लहान, चेहऱ्याच्या त्या बाजूला घाम नाही. त्यांच्याआधी फ्रान्समध्ये क्लोद बर्नार यांनी प्राण्यांच्या मानेतली नस कापून हेच पाहिलेलं होतं, तरी नाव हॉर्नर यांचंच चिकटलं. या रुग्णाच्या दोन बाहुल्यांतला फरक अंधारात वाढतो. दिवा घालवला की चांगली बाहुली पटकन मोठी होते आणि दुखावलेली रेंगाळत मागून येते. मोठ्या बाहुलीच्या रुग्णात याच्या उलट, फरक उजेडात वाढतो. एवढं घरीही पाहता येतं, आणि दवाखान्यात जाण्याआधी पाहून ठेवलंत तर फार बरं.

इथे पूर्वी कोकेनचे थेंब घालत. १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी डोळा बधिर करायला कोकेन वापरलं, तेव्हापासून ते नेत्रवैद्यांच्या कपाटात आलं. कोकेननं निरोगी बाहुली मोठी होते, पण नस तुटलेली होत नाही, कारण नसेच्या टोकातून रसायन झिरपतच नसेल तर साठणार काय? आपल्याकडे १९८५च्या अंमली पदार्थ कायद्यामुळे ते मिळवणं साहजिकच कटकटीचं आहे. आता जगभर त्याऐवजी बहुधा अ‍ॅप्राक्लोनिडिन वापरतात. हेही काचबिंदूचंच औषध. निरोगी बाहुलीला त्यानं फारसा फरक पडत नाही, पण भुकेल्या स्नायूला तेवढं पुरतं. लहान बाहुली मोठी होते, उतरलेली पापणी वर जाते आणि तासाभरात दोन्ही डोळ्यांचं चित्र उलटंपालटं होतं. पातळ केलेलं फेनिलेफ्रिनही याच तत्त्वावर वापरतात.

लहान बाळांच्या बाबतीत मात्र वेगळा नियम. अ‍ॅप्राक्लोनिडिननं तान्ह्या मुलांना गुंगी येऊ शकते, श्वास मंदावू शकतो, म्हणून पहिल्या वर्षात डॉक्टर ते टाळतात. ‘ड्रॉप घालून बघा ना’ असा आग्रह धरू नका. बाळाची एक बाहुली लहान, पापणी उतरलेली आणि मोठं होताना त्या बुबुळाचा रंग फिका राहिला, तर कारण बाळंतपणात खांदा-मान ओढली जाण्यातही असू शकतं. पण मान, छाती, पोटात मुलांना होणारी न्यूरोब्लास्टोमा नावाची गाठ नाही ना, हे तपासावंच लागतं. डॉक्टर पोटाची सोनोग्राफी आणि लघवीची तपासणी सांगतात ती त्यासाठी. पैसे उकळतात म्हणून नव्हे.

मोठ्या बाहुलीच्या रुग्णांत, विशेषतः वीस ते चाळीस वयाच्या बायकांत, बऱ्याचदा निघतं ते एडी यांच्या नावानं ओळखलं जाणारं दुखणं. डोळ्यामागची गाठ बिघडते, अनेकदा कारण सापडत नाही. विल्यम जॉन एडी मूळचे ऑस्ट्रेलियाचे, काम लंडनला. १९३१ साली त्यांनी लिहिलं तेव्हा मुद्दा बाहुलीपेक्षा बदनामीचा होता. स्कॉटलंडच्या अर्गाइल रॉबर्टसन यांनी १८६९ साली, म्हणजे हॉर्नर यांच्याच वर्षी, उजेडाला दाद न देणाऱ्या पण जवळ पाहताना आवळणाऱ्या बाहुल्या वर्णिल्या होत्या आणि पुढे त्या गरमीच्या रोगाची खूण ठरल्या. एडी यांनी दाखवून दिलं की तशाच भासणाऱ्या बाहुल्या आणि पायांचे गेलेले झटके घेऊन हिंडणारी पुष्कळ माणसं निरोगी आहेत. त्याआधी कित्येक बायांना नसलेल्या रोगाचे उपचार आणि घरच्यांचा संशय दोन्ही सोसावे लागले असतील. मला एडी यांचं मोल त्या कामासाठी जास्त वाटतं.

या दुखण्यात बाहुली उजेडाला जवळजवळ हलत नाही, जवळची वस्तू पाहताना मात्र सावकाश आवळते आणि सोडतानाही सावकाश सोडते. याचं कारण, त्या गाठीतून निघणारे बहुतेक तंतू जवळचं पाहण्यासाठी भिंग जाड करणाऱ्या स्नायूकडे जातात, बाहुलीकडे अगदी थोडे. गाठ बरी होताना नवे तंतू फुटतात, त्यातले काही वाट चुकून बाहुलीकडे पोचतात. म्हणजे वाचायचा हुकूम निघाला की बाहुलीही ऐकते. जवळचं धूसर दिसण्याचा त्रास बहुधा काही महिन्यांत ते वर्ष-दोन वर्षांत कमी होतो. उजेडाची दाद सहसा परत येत नाही. गॉगल, वाचायचा चष्मा, आणि उन्हात फारच त्रास झाला तर डॉक्टरांनी बनवून दिलेले तेच अतिपातळ थेंब, एवढ्यावर माणूस नेहमीचं आयुष्य जगतो.

तपासणीला जाताना काय न्यायचं? जुने फोटो. लग्नाचा अल्बम, लायसन्स, शाळेचा ग्रुप फोटो, मोबाइलमधले चार-पाच वर्षांपूर्वीचे चेहरे. बाहुली कालपासून मोठी आहे की दहा वर्षांपासून, हे भिंगाखाली फोटोत सापडतं, आणि दहा वर्षांपासून असेल तर अर्धी काळजी तिथेच संपते. न्यूरो-ऑप्थॅल्मॉलॉजीतले डॉक्टर थट्टेनं याला फॅमिली अल्बम टोमोग्राफी म्हणतात. नवे फोटोही काढा, एक खिडकीशी उजेडात, एक मंद दिव्यात, दोन्ही डोळे एकाच चौकटीत आणि चेहरा गोरा-गुळगुळीत करणारा फिल्टर बंद. आपल्या गडद बुबुळात बाहुली दिसत नसेल, तर कुणाला तरी बाजूनं बॅटरी धरायला सांगा.

गेल्या दोन आठवड्यांत डोळ्यात, नाकात, अंगाला काय काय लावलं ते लिहून न्या. मलम, पंप, पट्टी, फवारणी, झाडपाला, सगळं. फवारणीचं औषध उडालं असेल तर तेही, त्यानं उलट बाहुली अगदी बारीक होते. कॉन्टॅक्ट लेन्स आदल्या दिवशी घालू नका आणि डोळा चोळू नका, कारण डोळ्याची पृष्ठभागाची कातडी दुखावली की थेंब जास्त आत शिरतो आणि निकाल खोटा येतो. याच कारणानं दारातच आठवण द्या की ‘बाहुली तपासायची आहे, प्रेशर मोजायच्या आधी आणि पडदा बघायचा ड्रॉप घालायच्या आधी.’ गर्दीच्या ओपीडीत रांगेतल्या प्रत्येकाच्या डोळ्यात थेंब घालत पुढे सरकणाऱ्या सहायकाला तुमची तक्रार माहीत नसते. एकदा बाहुली मोठी करायचा ड्रॉप गेला की त्या दिवशी काही समजत नाही. हातात तीन तास ठेवा. गडद बुबुळ थेंब धरून ठेवतं, परिणाम दिसायला वेळ लागतो, तेव्हा ‘अजून किती?’ विचारू नका. परतताना दुचाकी चालवायची नसते, म्हणून सोबत कुणीतरी असावं. मुंबईत जे. जे., पुण्यात ससून, आणि वैद्यकीय महाविद्यालय असलेल्या इतर शहरांतली सरकारी रुग्णालयं, इथे डोळ्यांचा आणि मेंदूविकारांचा विभाग बहुधा एकाच आवारात सापडतो, त्यामुळे चिठ्ठी घेऊन दुसऱ्या गावी पळावं लागत नाही.

निदान झाल्यावरचं एक काम बहुतेक जण विसरतात. अपघातात बेशुद्ध आलेल्या माणसाची एक बाहुली मोठी दिसली, तर कॅज्युअल्टीतला डॉक्टर मेंदूत रक्तस्राव होऊन दाब वाढला असं धरूनच पावलं उचलतो, आणि त्यानं तसंच धरायला हवं. तुमची बाहुली आधीपासूनच मोठी आहे हे त्याला कळलं, तर तो ती गोष्टही हिशेबात घेईल. म्हणून पाकिटात, आधारकार्डाच्या मागे, एक चिठ्ठी ठेवा. त्यात कोणता डोळा, कोणत्या वर्षापासून, निदान काय आणि डॉक्टरांचं नाव लिहा. घरातल्या एकाला तरी हे माहीत असू द्या, आणि कुठल्याही ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना आपण होऊन सांगा. एडीच्या दुखण्यात मोठी असलेली बाहुली वर्षं जातात तशी आक्रसत जाते आणि पुढे तीच दोहोंत लहान होते. तेव्हा चिठ्ठी नव्यानं लिहा आणि तारीख घाला.